घर सहा माणसांचे, व्हीगन एक : स्वयंपाक कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमध्ये राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका भगिनींच्या घरी सासू-सासरे, पती, दहावीतला मुलगा, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि त्या स्वतः अशी सहा माणसे आहेत. मुलीने दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मावा आणि मध हे सर्व सोडले आहे, म्हणजेच ती व्हीगन झाली आहे. आईला तिचा निर्णय मान्य आहे, शक्य तितके स्वतःही तसे खाऊन पाहावे अशी इच्छा आहे. परंतु सकाळी साडेआठच्या आत चार डबे भरायचे असतात, सासूबाईंना वरणावर तुपाची धार लागते, मुलाला पनीर लागते आणि दोन स्वयंपाक करण्याइतका वेळ व शक्ती कोणाकडेही नाही. हा स्वयंपाक कसा आणि कोठून शिकावा, आणि त्यात मुलीचे पोषण होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी इंदूरमध्येच डबे पुरवते आणि स्वयंपाकाचे वर्ग घेते, त्यामुळे हा पेच माझ्यापुढे वरचेवर येतो. दोन स्वयंपाक करायचे नाहीत, हे आधी ठरवून टाका. स्वयंपाक एकच करायचा आणि त्यात दुभत्याचा पदार्थ पडणार असेल तर तो सर्वांत शेवटी, शक्यतो ताटातच पडेल अशी व्यवस्था लावायची. घरातले वाद आणि श्रम दोन्ही कमी करणारी याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. नवे पदार्थ शिकणे ही त्यानंतरची गोष्ट आहे, आणि ते वाटतात तितके लागतही नाहीत.

एका रविवारी बसून गेल्या आठवड्यात घरात काय काय झाले ते कागदावर लिहून काढा. पोहे, उपमा, थालीपीठ, पिठले, झुणका, मटकीची उसळ, चिंच-गुळाची आमटी, अळूचे फदफदे, भरली वांगी, बटाट्याची सुकी भाजी, साबुदाण्याची खिचडी, भाकरी, ठेचा, जवसाची, तिळाची आणि कारळाची चटणी, खमंग काकडी : यांपैकी एकातही दूध नाही, आणि फोडणी तुपाची होत असेल तेथे ती तेलाची केली की काम संपते. इंदूरच्या रस्त्यावरचे पोहे, त्यावरची शेव आणि जीरावन नावाचा कोरडा मसाला, थंडीतला तळलेला गराडू (एक कंद) हेही बहुतेक ठिकाणी तेलाचेच असतात. ही यादी संपल्यावर जे उरते ते चार जागी गोळा झालेले दिसते : चहा, दही, तूप आणि पनीर. शिकायचे आहे ते या चार जागांपुरतेच.

आधी तूप घेऊ, कारण त्याला वेगळे काही करावे लागत नाही. केवळ क्रम बदलावा लागतो. कणीक भिजवताना काही घरांत दूध घालतात, ते बंद करून कोमट पाणी आणि तेलाचे मोहन वापरा व कणीक अर्धा तास झाकून ठेवा. पोळी तितकीच मऊ होते. तव्यावरून उतरलेल्या पहिल्या पोळ्या मुलीच्या म्हणून कोरड्या वेगळ्या ठेवा आणि पुढच्यांना तूप लावा. तुपाचे भांडे ओट्यावरून उचलून जेवणाच्या टेबलावर न्या, आणि त्यातला चमचा दुसऱ्या कशातही जाणार नाही एवढे पाहा. सासूबाईंना त्यांची धार मिळेल आणि कुकरमधले वरण सर्वांसाठी एकच राहील.

तूप नसलेले वरण-भात मुलीला कोरडे वाटेल, ही तक्रार खरी आहे. तूप तेथे दोन कामे करते : वास देते आणि डाळीचा खरखरीतपणा झाकते. दुसऱ्या कामासाठी डाळ नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या अधिक शिजवून रवीने अगदी एकजीव घोटा. पहिल्या कामासाठी लहान कढल्यात चमचाभर शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात जिरे, हिंग आणि ठेचलेली लसणाची एक पाकळी घाला. लसूण कडेने तांबूस झाली की ती फोडणी तिच्या वाटीत ओता आणि लिंबू पिळा. ही चव तुपाची नाही आणि तशी भासवण्याचा प्रयत्नही करू नये. परंतु हे चांगले वरण आहे. तुपाऐवजी वनस्पती तूप आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ते पूर्वीइतके वाईट राहिले नसेल. पण घाण्याचे शेंगदाणा किंवा तीळ तेल सहज मिळत असताना त्याची गरजच काय?

आता दूध आणि दही. येथे थोडे हात बसवावे लागतात, आणि येथेच इंदूरचा फायदा आहे. माळवा हा सोयाबीनचा प्रदेश. देशाची सोयाबीन संशोधन संस्था १९८७ पासून याच शहरात आहे, आणि उग्र वास कमी असलेले वाणही तिने विकसित केले आहेत. सियागंजाच्या बाजारात चांगले सोयाबीन डब्यातल्या तयार दुधाच्या मानाने अत्यल्प दरात मिळते. तरीही इंदूरकरांच्या स्वयंपाकघरात सोयाबीन फारसे आलेले नाही, कारण एकदा कोणीतरी घरी दूध काढते, त्याला कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो आणि प्रयोग तेथेच थांबतो. हा वास मुळात दाण्यात नसतो. भिजलेला दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातील लायपॉक्सिजिनेज नावाचे विकर आणि तेल यांची गाठ पडते, आणि त्यातून तो वास तयार होतो. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून दाणा वाटण्याआधी तापवणे आणि गरम पाण्यातच वाटणे हा त्यावरचा उपाय आहे.

रीत अशी. २०० ग्रॅम सोयाबीन रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावे. सकाळी ते पाणी फेकून, दुसरे पाणी खळखळ उकळून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा आणि भिजलेले दाणे टाकून पाच मिनिटे उकळू द्यावे. हेही पाणी फेकावे, दाणे हाताने चोळून निघतील तितकी साले काढावीत. सर्व निघाली नाहीत तरी बिघडत नाही. मग दाणे थोडे थोडे घेऊन गरम पाण्यातच मिक्सरमधून बारीक वाटावेत. भांडे अर्ध्याच्या वर भरू नये आणि झाकण फडक्याने दाबून धरावे, कारण वाफेने ते उडते. एकूण पाणी सव्वा ते दीड लीटर लागते. मलमलच्या फडक्यातून पिळून निघालेले दूध मोठ्या पातेल्यात घ्या. मोठे अशासाठी की याचा फेस गाईच्या दुधापेक्षा कितीतरी वेगाने आणि उंच चढतो. एकदा उतू जाऊ पाहील तेव्हा आच मंद करा आणि तेथून पुढे किमान पंधरा मिनिटे, तळाला लागू न देता ढवळत उकळा. ही पंधरा मिनिटे टाळता येत नाहीत, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात आणि ते पुरेशा उकळण्यानेच निष्प्रभ होतात. फडक्यात राहिलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत किंवा वड्यांत घाला. तो ओला असल्याने त्याच दिवशी वापरावा किंवा फ्रीझरमध्ये ठेवावा.

याच दुधाला दही लागते, आणि ते चांगले घट्ट लागते, कारण त्यात प्रथिने भरपूर असतात. दूध बोटाला सोसेल इतके कोमट झाले की त्यात चमचाभर साखर विरघळवा. या दुधात दुग्धशर्करा नसल्याने जिवाणूंना ही मदत होते. विरजणाचा प्रश्न मात्र मुलीशी बोलून सोडवा. पहिल्या वेळी घरच्या दह्याचे अर्धा चमचा विरजण घेऊन पुढे त्याच सोयाच्या दह्यातून विरजण चालवणे सर्वांत सोपे आहे, पण काहींना तेवढा अंशही चालत नाही. तसे असेल तर पाच-सहा हिरव्या मिरच्यांची ताजी देठे धुऊन कोमट दुधात बुडवून ठेवावीत. देठांवरच्या जिवाणूंमुळे दूध आठ-दहा तासांत विरजते; ही पहिली खेप पातळ आणि किंचित तिखटसर वासाची होते, ती कढीला वापरून तिच्यातूनच एक चमचा पुढच्या खेपेसाठी काढून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून दही सुधारत जाते. इंदूरच्या हिवाळ्यात पातेले उघड्यावर ठेवले तर सकाळी दूधच हाती येईल, म्हणून ते पोळ्यांच्या डब्यात ठेवून भोवती जुनी शाल गुंडाळा.

हे सर्व वाचून दडपण आले असेल तर आधी शेंगदाण्याचे दही लावून पाहा. वाटीभर दाणे सहा तास भिजवून, साले काढून, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळायचे, पाच-सात मिनिटे उकळायचे आणि वरच्याप्रमाणे विरजायचे. हे नुसते खायला मला फारसे आवडत नाही, पण त्याचा मठ्ठा आणि कढी उत्तम होते. आंबटपणा कमी पडला तर कढी उतरवल्यावर लिंबू पिळा किंवा दोन आमसुले टाका. उकळतानाच आंबट घातले तर ती फाटते. कोशिंबिरीसाठी मात्र दही हवेच असे नाही. दाण्याचे कूट, लिंबू, चिमूटभर साखर आणि हिंग-मिरचीची फोडणी ही आपली जुनी वाट आहे, आणि डब्यात ती दह्याच्या कोशिंबिरीपेक्षा चांगली टिकते.

पनीरच्या जागी टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचे पनीर. सोयाचे दूध उकळून झाल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून, लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून हळूहळू घालावा, ढवळणे थांबवावे आणि पाणी निवळ दिसू लागेपर्यंत वाट पाहावी. निवळले नाही तर आणखी थोडा रस लागतो. मग फडक्यात बांधून अर्धा तास वजनाखाली दाबावे. आपल्या मुलाला टोफू आवडला नाही तर त्यात त्याचा दोष नाही. बहुतेक घरांत तो पांढरा आणि ओला असतानाच रश्शात टाकला जातो, त्यामुळे तो पुळचट लागतो. तुकडे उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, निथळून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस करा आणि मगच रश्शात घाला. रस्सा काजू आणि मगज बीच्या वाटणाचा असेल तर साय किंवा लोणी घालण्याची गरज कोणालाच भासत नाही. एका पातेल्यात रस्सा करून अर्ध्यात टोफू आणि अर्ध्यात पनीर टाकता येते. भुर्जी तर हाताने कुस्करलेल्या टोफूची दोघांसाठी एकच करावी.

चहावरून घरात सर्वाधिक कुरबूर होते. सोयाचे दूध चहात टाकून उकळले की फाटते, कारण चहाचा आंबट-तुरटपणा आणि उकळी या दोन्हींपुढे त्यातील प्रथिने टिकत नाहीत. म्हणून आले आणि गवती चहा घालून कोरा चहा उकळावा, गाळावा, दोन मिनिटे थांबावे आणि वेगळ्या गरम केलेल्या, पण न उकळणाऱ्या दुधावर तो हळूहळू ओतावा. एवढे करूनही ज्यांना तो चहा वाटत नाही त्यांच्यावर तो लादू नये. पती आणि सासूबाईंचा चहा होता तसा राहू द्या. मुलीला गवती चहा-पुदिन्याचा कोरा चहा अधिक आवडण्याची शक्यता आहे.

पावसाळ्यातल्या भुट्ट्याच्या कीसाबद्दल वेगळे सांगते, कारण इंदूरच्या घरात तो सोडणे अवघड आहे. कीस दुधात शिजवतात ते त्याला मऊपणा यावा म्हणून. कणीस कोवळे असेल आणि किसताना ताटलीत पांढरा चीक जमा होत असेल, तर तो चीक अजिबात वाया जाऊ न देता किसासोबत घ्यावा. मोहरी, हिंग, हिरवी मिरची अशी तेलाची फोडणी करून कीस मंद आचेवर परतावा, आणि तो कढईच्या बुडाला चिकटू लागला की दुधाऐवजी शेंगदाण्याचे दूध आणि पाणी निम्मे-निम्मे करून घालत शिजवावा. लिंबू, कोथिंबीर आणि जीरावन वरून. हा कीस वेगळा करण्याची गरज नाही. सर्वांना एकच वाढा आणि कोणी विचारले तरच सांगा.

वेळेचे गणित असे बसवता येते. सकाळी काहीही वाटायचे नाही. रविवारी आणि बुधवारी सोयाबीन रात्रीऐवजी सकाळीच भिजत घालून संध्याकाळी दूध काढावे. त्यातले निम्मे दह्याला किंवा टोफूला जाते, उरलेले फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. कांदा-टोमॅटोचे तेलात परतलेले वाटण, सुके खोबरे-कांद्याचे भाजके वाटण आणि दाण्याचे कूट या तीन गोष्टी आठवड्याच्या तयार असल्या की सकाळी कुकर लावणे, एक भाजी फोडणीस टाकणे आणि पोळ्या एवढेच उरते. सुरुवातीच्या महिन्यात मात्र एका आठवड्यात एकच नवी गोष्ट घ्या : पहिल्या आठवड्यात केवळ तुपाचा क्रम, दुसऱ्यात शेंगदाण्याचे दही, मग सोयाचे दूध, मग टोफू. सर्व एकदम सुरू करणाऱ्या घरांत तिसऱ्या आठवड्यात बाहेरून जेवण मागवले जाते, असे मी पाहिले आहे. आणि मुलगी महाविद्यालयात जाते, म्हणजे ती सोयाबीन भिजत घालू शकते आणि दूध पिळूही शकते. निर्णय तिचा असल्याने या कामातला काही वाटा तिच्याकडे असणे रास्तच आहे.

पोषणाबद्दल विचारलेत ते योग्यच केले. प्रथिनांची फार चिंता करू नका. रोज दोन वेळा डाळ किंवा उसळ, धान्यासोबत, आणि दिवसातून एकदा सोयाचा एखादा प्रकार असला की निरोगी तरुण मुलीचे भागते. सोयाबीनमध्ये १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, तूरडाळीत २२ च्या आसपास. बाजारात मिळणारे बदामाचे तयार पेय मात्र प्रथिनांच्या दृष्टीने जवळजवळ पाणीच असते, त्यावर पैसे घालवू नका. कॅल्शियमकडे लक्ष हवे. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅमची शिफारस आहे, आणि पेलाभर गाईच्या दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळत असे, ते आता अन्यत्र शोधावे लागते. ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून १७५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. न सोललेले तीळ त्याहून कितीतरी समृद्ध आहेत, पण ते भाजून कुटून खाल्ले तरच अंगी लागतात. लिंबाने लावलेल्या घरच्या टोफूत कॅल्शियम विशेष नसते. कॅल्शियम क्षार वापरून केलेल्या बाजारच्या टोफूत ते असते, तेव्हा वेष्टनावर पाहा. लोहासाठी पोह्यांवर आणि उसळीवर लिंबू पिळा. पोहे आणि चहा एकत्र घेण्याची आपली इंदुरी सवय मात्र लोह शोषणाच्या आड येते. चहा तासाभराने घ्यावा.

बी-१२ जीवनसत्त्वाला स्वयंपाकघरात उत्तर नाही. इडलीचे पीठ आंबवल्याने, मोड आणल्याने किंवा स्पिरुलिना नावाचे शेवाळ खाल्ल्याने ते भरवशाने मिळत नाही. मुलीची रक्ततपासणी करून घ्या आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेची गोळी तिने कायम घ्यावी. जमल्यास घरातील सर्वांचीच तपासणी करा, कारण ही कमतरता दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही मोठ्या प्रमाणात आढळते. मुलाच्या आहारातून तो स्वतः म्हणेपर्यंत काही कमी करू नका, आणि सासू-सासऱ्यांचे दूध तर अजिबात नको.

देवघराचा विषय आपण लिहिला नाहीत, परंतु तो येणारच. पंचामृत, निरांजनातले तूप, नैवेद्याच्या वरण-भातावरचे तूप हे सासूबाईंच्या अखत्यारीत राहू द्यावे आणि मुलीनेही तेथे वाद घालू नये. समई तशीही तिळाच्या तेलाचीच असते. पुरणपोळीच्या दिवशी मुलीला नारळाचे दूध द्या. कोकणात पुरणपोळी त्याच्यासोबत खातात, त्यामुळे सासूबाईंनाही ते वावगे वाटणार नाही.

दिवाळीत शेव, चकली आणि चिवडा जसाच्या तसा चालतो. शंकरपाळ्यांत दुधाऐवजी पाणी आणि तुपाऐवजी तेलाचे मोहन घातले तरी ती खुसखुशीत होतात. अडचण बेसनाच्या लाडवाची आहे. शुद्ध केलेले, वास नसलेले खोबरेल तेल वापरून बेसन भाजता येते आणि थंडीत ते तुपासारखे गोठतेही. मात्र ते २४ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे दिवाळीत टिकलेला लाडू होळीला बसलेला दिसेल. असे लाडू थोडेच करावेत आणि फ्रिजमध्ये ठेवावेत. पाकातले रवा-नारळ लाडू अधिक सोयीचे.

खरेदी करताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो शाकाहाराचा असतो आणि त्यात दूध, दुधाची भुकटी व मध बसतात. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनुसार वेगळे हिरवे चिन्ह आहे, पण ते अजून थोड्याच वस्तूंवर दिसते. म्हणून घटकांच्या यादीखालची दुधाचा अंश असल्याची सूचना वाचावी, आणि दूध घन, व्हे, केसिन हे शब्द शोधावेत. बिस्किटे, पाव आणि मसाला लावलेल्या नमकीनमध्ये ते अनपेक्षितपणे सापडतात. सराफ्यात किंवा छप्पन दुकानावर, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्ल्यांत, मुलगी मैत्रिणींसोबत गेली तर शेव, गराडू आणि तेलात तळलेली कचोरी सहसा चालते. जिलबीचे मैद्याचे पीठ पुष्कळदा दह्यात आंबवलेले असते आणि काही ठिकाणी ती तुपात तळतात, तेव्हा ती विचारूनच घ्यावी.